आघूर्ण आणि दाब : या चुका टाळा, निदान स्टेपनी बदलताना तरी

इंदुरात अकरावीच्या पोरांना घरी फिजिक्स शिकवतो. दरवर्षी पोरं नवी, चुका मात्र त्याच. त्यातल्या दोन तर माझ्या डोक्यातच जातात.

पहिली, आघूर्ण (म्हणजे बलाचा फिरवण्याचा जोर) काढताना लंब अंतर न घेणं. बल गुणिले अंतर हे सगळ्यांना पाठ असतं, पण अंतर म्हणजे पान्याची लांबी असं धरून मोकळे. अरे, अंतर म्हणजे अक्षापासून बलाच्या रेषेवर टाकलेला लंब! गेल्या पावसाळ्यात महूहून येताना गाडी पंक्चर झाली, सोबत भाचा, याच चॅप्टरमध्ये पैकीच्या पैकी मिळवलेला. चाकाचा नट जाम. साहेबांनी पाना लावला तो टोक वर करून, आडव्या रेषेशी साठेक अंशांत, आणि त्यावर सगळं वजन टाकून लोंबकळायला लागले. नट ढिम्म. मग म्हणतो मामा, पान्याला लांब पाइप लावू या. म्हटलं पाइप राहू दे, आधी पाना काढ आणि डाव्या हाताला सरळ आडवा लाव. आता हिशोब बघा, पोरगं 60 किलोचं म्हणजे साधारण 600 न्यूटन, पाना 30 सेंटिमीटर, आडवा असेल तर 180 न्यूटन मीटर, आणि साठ अंशांत तिरका असेल तर थेट निम्मे (साठ अंशांचं कोसाइन अर्धं), 90. गाडीचे नट साधारण 100-120 ला आवळलेले असतात, मग 90 ला ते कशाला हलतील? आडवा लावल्यावर कट्‌कन आवाज आला नि सुटला. भाचा म्हणाला, ‘हे ते कोसाइन होतं होय?’ हो बाबा, तेच ते.

माझी सवय सांगतो, आकडे घालायच्या आधी बलाची रेषा पेन्सिलीने दोन्हीकडे लांबवायची, मग लंब टाकायचा. दहा सेकंद लागतात. पण दोन मिनिटांत चॅप्टर संपवणारे व्हिडिओ बघून आलेल्यांना तेवढाही धीर नसतो. आणि पाइप लावायचा शॉर्टकट मला तसाही आवडत नाही, जोर आला की नटाऐवजी बोल्टच तुटतो.

दुसरी, टंकी मोठी म्हणजे दाब जास्त. ही तर मोठ्या माणसांचीही चूक. आमच्या शेजारच्या काकांचा शॉवर थेंब थेंब यायचा, प्लंबर म्हणाला 500 लिटरची काढून 1000 ची बसवा. मी गच्चीवर जाऊन सांगितलं की काका, दाब ठरतो पाण्याच्या उंचीवर, लिटरवर नाही, शॉवरच्या वर 2 मीटर पाणी असेल तर जेमतेम 20 हजार पास्कल (दाबाचं एकक) मिळणार, मग टंकी विहिरीएवढी रुंद का असेना. ते म्हणाले तू पोरांना शिकव. टंकी आली, आधीच्यापेक्षा थोडी उंच होती म्हणून तेवढा किंचित फरक पडला असेल, पण काकूंना तो काही दिसला नाही. शेवटी लोखंडी स्टँड करून टंकी मीटरभर उचलली, सोबत अर्ध्या इंचाचा, सतरा एल्बोंचा पाइप काढून एक इंची टाकला, तेव्हा कुठे काकांची आंघोळ नीट झाली. इंदूरला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून, सत्तर किलोमीटर लांबून येतं, तिथेही पंपाला घाम फुटतो तो मुख्यतः चढाने (दर 100 मीटरला जवळजवळ 10 लाख पास्कल), लांबीमुळे घर्षण लागतं ते वेगळं.

बाकीच्या पटापट. आघूर्णाच्या गणितात मीटरपट्टीचं स्वतःचं वजन 50 सेंटिमीटरच्या खुणेवर धरायचं, विसरायचं नाही. किलोला न्यूटन म्हणू नका. एक चौरस मीटरमध्ये 10,000 चौरस सेंटिमीटर असतात, 100 नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये व्यास दहापट तर बल शंभरपट, कारण क्षेत्रफळ वर्गात वाढतं. टायरवाला 32 (psi) सांगतो ते बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचं.

आणि विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप पाणी ‘ओढतो’ असं लिहू नका, बाहेरची हवा ते ढकलते. समुद्रकाठी ती 10.3 मीटरच्या वर चढवू शकत नाही, आपलं इंदूर 550 मीटर उंचावर, म्हणून इथे त्याहूनही कमी, आणि प्रत्यक्षात सातेक मीटरवरच पंप मान टाकतो. खोल बोअरमध्ये मोटर खाली पाण्यात सोडतात ती याचसाठी.