रॅम बसवली, पण विंडोजला दिसत नाही?

वाशीच्या दुकानातून रॅमची नवी पट्टी बसवून आणल्यावरही विंडोज ४ जीबीपेक्षा कमीच रॅम वापरण्यायोग्य दाखवत असेल, तर दुकानदाराशी भांडण्याआधी ती विंडोज ३२ बिटची आहे का, हे पाहावे. अशा घरगुती विंडोजला ४ जीबीपर्यंतचेच पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) वापरता येतात आणि त्यांतील काही ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांसाठी राखीव राहत असल्यामुळे तेवढी रॅम पट्टीवर असूनही हाती लागत नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असल्यास महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून ६४ बिटची विंडोज नव्याने टाकावी.

तिच्यातही ८ पैकी ७.८ जीबी दिसणे स्वाभाविकच आहे. तफावत मोठी असेल, तर ‘एमएसकॉन्फिग’ (msconfig) या विंडोजमधल्याच सेटिंग बदलण्याच्या साधनामध्ये ‘बूट’खालच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधील ‘मॅक्सिमम मेमरी’वरची (बहुधा कुणीतरी उगाच केलेली) खूण काढून संगणक पुन्हा सुरू करावा.