क्लाउनफिशची पिल्लं जगवायची तर आधी रोटिफर

केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला ऑसेलारिस क्लाउनफिश घरच्या टाकीत अंडी सहज घालतो. कसोटी लागते ती पुढच्या दहा दिवसांत. पिल्लं बहुतेक वेळा उपासमारीने जातात, कारण अंडी दिसल्यावर खाण्याची शोधाशोध सुरू होते. म्हणून रोटिफरची, म्हणजे पिल्लांचं पहिलं खाणं असलेल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणजीवांची, बादली जोडीच्या आधी तयार हवी.

जोडीसाठी दोन लहान मासे घ्या, त्यातला एक दुसऱ्यापेक्षा ठळक मोठा. नर कोणता, मादी कोणती हे दुकानदाराला विचारू नका. हे मासे आधी नर होतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. ती गेली तर नरच मादी बनतो. धाकटा मोठ्यापुढे अंग थरथरवू लागला की जोडी जमली. पहिल्या अंड्यांसाठी वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. हे मासे समुद्रात ज्याच्या आसऱ्याला राहतात ते समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) नसलं तरी चालतं, अंडी घालायला मातीची छोटी कुंडी आडवी ठेवा. पाणी आर.ओ.चं, त्यात सी सॉल्ट घालून विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) 1.025 ठेवा आणि तापमान 26 ते 28 अंश.

अंडी आधी केशरी दिसतात. नर परांनी त्यांना वारा घालतो, तोंडाने साफ करतो, मेलेली खाऊन टाकतो. सहाव्या-सातव्या दिवशी अंड्यांत चंदेरी डोळे चमकू लागतात. त्या संध्याकाळी कुंडी वेगळ्या टाकीत हलवा. पाणी जोडीच्याच टाकीतलं घ्या. एअर स्टोनचे (हवेच्या नळीला लावायच्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे अंड्यांशेजारून जातील असा ठेवा, कारण आता वारा घालायला नर नाही. दिवे घालवा. अंधार पडल्यावर तास-दोन तासांत पिल्लं फुटतात. नाही फुटली तर दुसऱ्या रात्री पुन्हा असंच करा.

पिल्लू जेमतेम 3-4 मिलिमीटरचं, तोंड त्याहून कितीतरी बारीक. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) पिल्लं त्यात मावत नाहीत, म्हणून रोटिफर. दर मिलिलिटरला साधारण 10 ठेवा आणि पाण्यात नॅनोक्लोरोप्सिस हे सूक्ष्म शेवाळ घालून हलका हिरवा रंग राखा. रोटिफर त्या शेवाळावर तगतात, शिवाय उजेड विखुरतो. टाकीच्या बाजूंना काळा कागद चिकटवा. नाहीतर पिल्लं चमकत्या काचेकडे धावतात, तिथेच आपटत राहतात. बुडबुडे अगदी मंद ठेवा. जोराचा प्रवाह त्यांना दमवून मारतो.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून ताजा फुटलेला आर्टेमिया थोडा थोडा द्या, पण रोटिफर लगेच बंद करू नका, कारण सगळी पिल्लं सारखी वाढत नाहीत. रोज तळाचा गाळ पातळ नळीने ओढा आणि अमोनिया तपासा. ताजं पाणी थेंबाथेंबाने घाला, एकदम ओतलं की पिल्लं कोसळतात.

साधारण आठ ते चौदा दिवसांत डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि पिल्लू तळाशी येऊन कडेला टेकून बसू लागतं. सगळ्यांना पट्टे येईपर्यंत टाकी बदलू नका. शेवटच्या काही पिल्लांसाठी तीन-चार दिवस अजून थांबावं लागलं तरी चालेल.