दोस्तांबरोबर वीकेंडची खादाडी: या चुका टाळा

शनिवार-रविवार एखाद्या नव्या शहरात फक्त खायला-प्यायला जायचं ठरलं की दोन तासांत ग्रुपवर वीसेक ठिकाणांची यादी जमा होते. एकजण रील टाकतो, दुसऱ्याला ऑफिसातल्या कोणीतरी 'तिथे गेल्याशिवाय परत येऊ नका' असं बजावलेलं असतं. मग रविवारी संध्याकाळी निम्मी यादी तशीच राहिलेली असते, दोघांचं पोट बिघडलेलं असतं आणि एकजण बिलावरून गप्प झालेला असतो. जागा वाईट निवडल्या म्हणून असं क्वचितच होतं. पोटात मावतं किती आणि आपण माणसं किती, याचा हिशेब कोणी केलेला नसतो.

यादी पोटापेक्षा मोठी

संग्रहालयं दिवसाला पाच बघता येतात, फार तर पाय दुखतील. जेवणं पाच होत नाहीत. भरपेट जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण चार तास लागतात, तेलकट-तुपकट असेल तर त्याहून जास्त. शुक्रवारी रात्री पोचून रविवारी संध्याकाळी निघायचं असेल, तर खरी जेवणं होतात सहा: शुक्रवारचं एक, शनिवारची तीन, रविवारची दोन. मध्ये चहा-कॉफी, एखादं गोड, बाजारात उभ्या उभ्या चाखणं असे तीन-चार थांबे धरा. संपला हिशेब. म्हणून वीसातली तीन ठिकाणं 'काहीही झालं तरी' म्हणून ठरवा आणि उरलेली 'जमलं तर' या खात्यात टाका.

सगळ्यात जास्त घोळ शनिवारी सकाळी होतो. उठायला उशीर, साडेदहाला नाश्ता, आणि पहिलंच ठिकाण म्हणून उत्साहात प्रत्येकाची वेगळी प्लेट. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर 'अजून एक मागवू या' होऊन गेलेलं असतं. दीडला ज्या जागेसाठी महिनाभर आधी टेबल घेतलेलं असतं, तिथे सगळे मेन्यूकार्डाकडे नुसते बघत बसतात. पहिल्या दोन थांब्यांना चौघांत एक किंवा दोनच प्लेट्स, हा नियम निघण्याआधीच ठरवून टाका. ऐनवेळी हे सुचवणारा चिक्कू ठरतो.

मागवतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा. एकाच चवीचं खात राहिलं की त्या चवीची इच्छा लवकर मरते, पण वेगळ्या चवीची शाबूत राहते. पोट भरलं म्हणणाऱ्यालाही गोडासाठी जागा सापडते ती यामुळेच. तळलेल्यावर तळलेलं आणि चीजवर चीज मागवलं तर तिसऱ्या प्लेटलाच जिभेला कंटाळा येतो. आंबट, कुरकुरीत, रस्सेदार, थंड असं आलटून-पालटून येऊ द्या आणि सगळ्यात जड पदार्थ शेवटी ठेवा.

तरीही तुडुंब झालंच, तर पुढचा थांबा सरळ रद्द करा आणि अर्धा-पाऊण तास रमतगमत चाला. सोडा प्यायल्याने ढेकर येते, जागा होत नाही.

उघडं आहे असं नकाशात दिसतं, पण स्वयंपाकघर बंद

नकाशाच्या ॲपवर रात्री अकरापर्यंत उघडं दिसतं ते दुकान. स्वयंपाकघराची शेवटची ऑर्डर त्याच्या तास-अर्धा तास आधी बंद होते. दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांच्या मधल्या दोन-तीन तासांत तर अनेक ठिकाणी शेगडीच बंद असते. घरातली तीन-चार माणसं मिळून चालवत असलेल्या छोट्या जागा आठवड्यातून एक दिवस बंद ठेवतात, आणि तो दिवस रविवारही असू शकतो. ताज्या मालाचा बाजार बघायचा तर सकाळी लवकर जावं लागतं, अकराला उठून नाही. ठरवलेल्या तीन ठिकाणी फोन करून तीनच प्रश्न विचारा: कोणत्या दिवशी बंद, शेवटची ऑर्डर कधी, इतक्या माणसांची सोय होईल का. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करणारा एकजण नेमलेला हवा. 'कोणीतरी फोन करा रे' असा मेसेज टाकला की कोणीच करत नाही.

राहायची जागा स्वस्त म्हणून शहराबाहेर घेणं ही याचीच जुळी चूक. खाण्याच्या भागात राहिलात तर चालत फिरता येतं, दुपारी तासभर पडता येतं आणि रात्री गाडी कोण चालवणार हा वादच उरत नाही.

आठ जण, एक टेबल

चौघांची सहल आणि आठ जणांची सहल हे दोन वेगळे प्रकार आहेत. जिथे मुळात पाच-सहाच टेबलं असतात तिथे आठ जण एकत्र बसू शकत नाहीत. बसले तरी ऑर्डर अर्ध्या-अर्ध्या तासाने तुकड्यातुकड्यांनी येते आणि पहिल्याचं खाणं थंड होईपर्यंत बाकीचे वाट बघतात. चार-चारच्या दोन टोळ्या करा, दुपारी वेगवेगळ्या ठिकाणी खा, रात्री एकत्र बसा. यात दुप्पट जागा बघून होतात आणि गप्पांना विषयही मिळतो. 'सगळे एकत्रच' हा हट्ट बहुतेकदा एकाचाच असतो.

प्रत्येक थांब्यावर मतदान घेऊ नका. भुकेल्या आठ जणांचं फुटपाथवर एकमत होत नाही. एका जेवणाला एकच जण ठरवणार, पुढच्या जेवणाला दुसरा, आणि मधल्या काळात कुरकूर बंद.

कोण काय खात नाही हे मात्र जायच्या आधीच विचारून घ्या. 'मी शाकाहारी आहे' एवढं सांगून भागत नाही. भाजीच्या सूपमागे हाडांचं पाणी असू शकतं, चटणी-सॉसमध्ये मासळी असू शकते, गोड पदार्थात जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असू शकतं. म्हणून पदार्थाचं नाव विचारू नका, तो कशात शिजवलाय ते विचारा. कोणाला शेंगदाणे किंवा कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी असेल तर प्रश्न आणखी गंभीर. पदार्थात ती वस्तू नसली तरी तळणीचं तेल एकच असतं, झारा तोच असतो, आणि गरम तेलाने ॲलर्जी मरत नाही. अशा मित्राची औषधं त्याच्या स्वतःच्या खिशात हवीत, हॉटेलातल्या बॅगेत नव्हे. ती कुठे आहेत हे आणखी एकाला तरी ठाऊक असू दे.

पिण्याचं गणित

'मी दोनच घेतल्या' या वाक्याला काही अर्थ नाही, कारण दोन कसल्या ते महत्त्वाचं. ५ टक्क्यांच्या बिअरची ३३० मिलिलिटरची बाटली, १२ टक्के वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास आणि ४० टक्के मद्याचं ४५ मिलिलिटर, या तिन्हींत शुद्ध अल्कोहोल जवळपास सारखंच असतं: १३-१४ ग्रॅम. नव्या शहरात मात्र तुमच्या हातात तिथेच बनवलेली ८ टक्क्यांची बिअर येते, तीही अर्ध्या लिटरच्या ग्लासात. त्यात ३१ ग्रॅम भरतं, म्हणजे नेहमीच्या दोनपेक्षा जास्त. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटू शकतं. दोन मोठे ग्लास रिचवले तर उतरायला सहा-सात तास तरी लागतात. ब्लॅक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, गार वारा यांनी माणूस जागा होतो, शुद्धीवर येत नाही. त्या अवस्थेत गाडी चालवणं तर सोडाच.

दारूची चव बघायला जाताना लोक हटकून उपाशी जातात, जेवण नंतर आहे म्हणून. उपाशीपोटी अल्कोहोल लवकर रक्तात उतरतं; पोटात अन्न असेल, विशेषतः तेल-तूप आणि प्रथिनं असलेलं, तर त्याचा वेग कमी होतो. म्हणून आधी थोडं खा, मग चाखा. एका पेयामागे एक ग्लास पाणी घ्या. चाखायचंच असेल तर चौघांत दोन ग्लास मागवा आणि फिरवा. तीन वेगळ्या गोष्टींची चव एकेका घोटात कळते, आणि चौथ्या ग्लासानंतर कोणालाच काही कळत नाही.

एका बाबतीत धाडस नको. लेबल नसलेली, कोणीतरी घरी गाळलेली कडक दारू 'इथली खरी चीज' म्हणून पुढे केली जाते. तिच्यात मिथेनॉल आहे की नाही हे चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. थोड्या मिथेनॉलनेही कायमची दृष्टी जाऊ शकते, जास्त झालं तर जीव. त्याची लक्षणं दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात. दुसऱ्या दिवशी कोणाला धूसर दिसू लागलं किंवा श्वास जोरात चालू लागला, तर 'हँगओव्हर आहे, झोप' म्हणू नका. सरळ रुग्णालय गाठा आणि काय प्यायलो ते डॉक्टरांना सांगा.

बिलाचे आठ भाग

सगळ्यांचं बिल सारखं वाटून टाकायचं हे ऐकायला दिलदार वाटतं, पण न पिणाऱ्याने पिणाऱ्यांची बाटली का भरावी? तो पहिल्या रात्री बोलत नाही, दुसऱ्या रात्रीही बोलत नाही, आणि पुढच्या सहलीला येत नाही. सोपा उपाय म्हणजे खाण्याची काँट्री सगळ्यांची आणि पिण्याचं टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. निघण्याआधी प्रत्येकाने सारखी रक्कम एकाकडे जमा करायची, खाणं त्यातून. संपली की पुन्हा काढायची. हिशेब रोज रात्री टाका. आठवड्याने टाकलेल्या हिशेबात कोणालाच काही आठवत नाही.

पोट बिघडलंच तर

गर्दी आहे म्हणजे खाणं चांगलं, असं डोळे झाकून मानू नका. माल किती पटापट उठतोय ते बघा. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये पडून राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. दोन तासांच्या वर तसं ठेवू नये असा साधा नियम आहे. समोर शिजून वाफाळत येणारं बहुधा सुरक्षित. सकाळपासून उघड्या भांड्यात बसलेली चटणी, कापून ठेवलेली फळं, कुठल्या पाण्याचा आहे ते ठाऊक नसलेला बर्फ हे धोक्याचे. आणि 'परत गरम करून देतो' याने सगळं सुटत नाही. काही जंतूंनी अन्नात आधीच सोडलेलं विष उकळूनही टिकतं. त्यामुळे खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात.

त्रास झाला की सगळे शेवटच्या जेवणावर खापर फोडतात. उलट पोटाचे अनेक संसर्ग एक ते तीन दिवसांनी दिसतात, म्हणजे रविवारच्या जुलाबाचा गुन्हेगार शुक्रवारच्या रात्रीचाही असू शकतो. आधी पाणी भरून काढा. ओआरएसची पाकिटं नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ, घोट घोट. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपायच होतो. ताप असेल, शौचात रक्त असेल किंवा घोटभर पाणीही पोटात राहत नसेल तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका, डॉक्टरांकडे जा.

तिखट लागून जीभ पेटली असेल तर पाणी उपयोगाचं नाही, कारण मिरचीतला दाहक अंश पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या. बिअर तर अजिबातच नको.

परतीचा दिवस

रविवारी सकाळी खोली सोडावी लागते आणि गाडी संध्याकाळची असते. मग चार-पाच चाकांच्या बॅगा ओढत छोट्या खाणावळीत शिरणारे आपणच असतो. सामान हॉटेलात ठेवून घेतात का ते शनिवारीच विचारा.

घरी नेण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचाही विचार आधी करा. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठं द्रवाचं भांडं चालत नाही, आणि मध, सॉस, मऊ चीज, मुरंबा हे सगळं त्यांच्या लेखी द्रवच. सुरक्षा तपासणीच्या टेबलावर ती बरणी सोडून यावं लागतं. आंबवलेलं काही घेतलं असेल तर त्यातून वायू सुटतच असतो. बरणी काठोकाठ भरू नका, झाकण आवळून ठेवू नका, दोन पिशव्यांत गुंडाळा आणि कपड्यांच्या बॅगेपासून लांब ठेवा.