चेंडू बंकरमध्येच राहतोय? या चुका टाळा

गोल्फमध्ये ग्रीनलगतच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीलगतच्या) बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, मारलेला फटका फसला, की सगळ्यांची नजर चेंडूमागे धावते. त्याऐवजी खाली, वाळूत उमटलेला चर बघा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

साध्या लायवरून, म्हणजे चेंडू वाळूत रुतलेला नसताना, क्लब चेंडूच्या दोन-तीन बोटं मागे, साधारण ५ सेंटिमीटरवर, वाळूत शिरायला हवा. चर त्याच्या बराच मागून सुरू होत असेल, तर तुमचं वजन मागच्या पायावर राहिलंय. चेंडू उचलून देण्याच्या धडपडीत हे होतं. सँड वेजला, म्हणजे बंकरसाठीच्या क्लबला, ५४ ते ५८ अंशांचा लॉफ्ट, म्हणजे पुढच्या बाजूचा तिरकेपणा, असतो. उचलायचं काम तो करतो. सुरुवातीपासूनच साठ टक्के वजन पुढच्या पायावर ठेवा आणि शेवटपर्यंत तिथून हलवू नका. चेंडू पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत असू द्या.

जागा बरोबर, पण चर खोल आणि आखूड? म्हणजे क्लबची धार वाळूत रुतली. ‘चेंडूमागची वाळू मार’ हा अर्धवट सल्ला इथे घात करतो, कारण ऐकणारा कुदळ घातल्यासारखा खणायला लागतो. क्लबच्या तळाला जो फुगवटा असतो, म्हणजे बाउन्स, त्याने वाळूतून घसरत जायचं असतं. अमेरिकी गोल्फर जीन सॅराझेनने १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकली ती तळाला धातू चढवून बनवलेल्या अशाच वेजच्या साथीने. हा बाउन्स वापरायचा तर क्लबफेस, म्हणजे चेंडूला लागणारी क्लबची बाजू, थोडा उघडावा, म्हणजे आकाशाकडे वळवावा लागतो. आधी फेस उघडायचा, मग ग्रिप घ्यायची. बरेच जण ग्रिप घेतल्यावर मनगटं वळवतात. फटक्याच्या क्षणी ती परत जागेवर येतात आणि फेस मिटतो.

चर उथळ असून चेंडू जेमतेम काठापर्यंत गेला, तर तुम्ही मध्येच हात आखडता घेतलात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मध्ये वाळू असल्यामुळे बराच जोर तिथेच जिरतो, म्हणून गवतावरून तेवढ्याच अंतरासाठी घेतला असता त्याच्या जवळपास दुप्पट स्विंग लागतो. फॉलो-थ्रू पूर्ण करा.

आणि चरच नाही, चेंडू सणसणत ग्रीनपलीकडे? थेट चेंडूला लागलं. ओल्या, घट्ट वाळूत बाउन्स आपटून वर उसळतो, तेव्हाही हेच होतं. तिथे फेस कमी उघडा. चेंडू वाळूत रुतला असेल तर फेस सरळच ठेवा आणि धार रुतू द्या. असा चेंडू ग्रीनवर पडल्यावर बराच घरंगळतो, तेवढी जागा धरून चाला. ग्रीनपासून दूर, वाटेत असलेल्या फेअरवे बंकरचं गणित मात्र उलटं: आधी चेंडू, मग वाळू.

सराव स्विंग करताना क्लब वाळूला लागू देऊ नका, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात त्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड बसतो. पाय वाळूत रोवायला मात्र हरकत नाही. पाय जेवढे खाली गेले तेवढी ग्रिप आखूड धरा, नाहीतर क्लब जास्त खोल जाईल. २०१९च्या नियमांपासून चेंडूजवळची सुटी पानं, खडे उचलता येतात. फक्त चेंडू हलू द्यायचा नाही. काठाखाली अगदीच अडकला असाल, तर दोन फटक्यांचा दंड सोसून, होल आणि चेंडू यांच्या रेषेत मागे, बंकरबाहेर ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हाताने टाकून तिथून खेळता येतं. तिथेच तीन-चार फटके घालवण्यापेक्षा तो स्वस्त.