तुमच्या बॅरलला कोणती पेलेट मानवते?

एअर रायफल नव्यानं हातात घेतलेल्या मुलांचे पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, सगळ्यात चांगली पेलेट कुठली?" पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, आणि सगळ्यांना चांगली अशी पेलेट नसते. एखाद्याला दूध मानवतं, दुसऱ्याचं त्याच दुधानं पोट बिघडतं, तसंच बॅरलचं, म्हणजे रायफलच्या नळीचं आहे. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवा. एकीला 4.49 मिलिमीटर डोक्याची पेलेट आवडेल, दुसरीला 4.51. कागदावर मारून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

हे मी एका मुलीच्या वर्षातून शिकले. कोल्हापुरात माझ्याकडे सराव करणारी, शांत डोक्याची पोर. एका हंगामात तिचे गुण एकदम घसरले. मी आधी तिची उभं राहण्याची पद्धत बदलली, मग श्वास, मग ट्रिगर. दोन महिने गेले. शेवटी रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात बांधून दहा शॉट मारले, तर भोकांचा पुंजका आठ मिलिमीटरच्या वर. पेलेटच्या डब्यावरचं नाव तेच होतं, लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली खेप, मात्र नवा होता. जुन्या लॉटचा अर्धा डबा कपाटात सापडला, त्याचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, साडेपाचचा आला. पोरीचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे: मुलाला बोलण्याआधी डबा तपासायचा.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, तेही समजून घ्या. 10 मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पेलेट साडेचार मिलिमीटरची. एका शॉटचे सर्वाधिक, म्हणजे 10.9 गुण हवे असतील तर पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत पडायला हवं, आणि पुढच्या प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. सरासरी एकच दशांश कमी झाला तरी 60 शॉटमध्ये 6 गुण गेले. निवड चाचणीत सहा गुण म्हणजे किती नावं मागे पडणं, हे या खेळातल्या कुणालाही सांगायला नको.

आता प्रत्यक्ष काम. रायफलसाठीच्या सपाट डोक्याच्या मॅच पेलेट साधारण 0.53 ग्रॅमच्या असतात. पिस्तूलच्या थोड्या हलक्या असतात, त्या यात मिसळू नका. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी अशा दोन-तीन कंपन्यांचे, वेगवेगळ्या हेड साइजचे पाच-सहा डबे गोळा करा. सगळे विकत घ्यायची गरज नाही. रेंजवरच्या मित्रांकडून शंभर-शंभर पेलेट मागून आणा, फक्त डब्याच्या स्टिकरवरचा लॉट नंबर आणि हेड साइज लिहून घ्यायला विसरू नका. तो नंबर नसेल तर सगळी मेहनत वाया, कारण ग्रुप चांगला आला तरी पुन्हा नेमकं काय मागवायचं ते कळणार नाही.

व्हाइस महाग विकत घ्यायची गरज नाही. आमचा आम्ही उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून करून घेतला: जाड लोखंडी प्लेट, दोन जबडे, आत चामड्याची पट्टी. ज्या टेबलावर तो बोल्टनं बसवलाय, ते हलवायला चार माणसं लागतात. रायफल रिसीव्हरपाशी, म्हणजे बॅरल जिथे बसते त्या मधल्या धातूच्या भागापाशी पकडायची. बॅरल आणि हवेचं सिलिंडर मोकळं राहिलं पाहिजे, त्यांना जबडा टेकला तर ग्रुप फाकतो आणि दोष पेलेटवर जातो. व्हाइस नसेल तर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून सगळ्यात स्थिर हाताच्या शूटरकडून मारून घ्या. त्यात बारीक फरक दिसणार नाहीत, पण अगदी न मानवणारा डबा नक्की बाजूला काढता येतो.

सिलिंडर भरून घ्या आणि सुरुवातीला पंधरा-वीस शॉट नुसते सोडा. पेलेट बदलली की पुन्हा किमान दहा सोडायचे, कारण बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा थर बसलेला असतो आणि नव्या पेलेटला आपला थर बसवायला वेळ लागतो. घाईत लोक हीच पायरी गाळतात. मग नव्या कार्डावर, न हलता, दहा शॉटचा एक ग्रुप. असे प्रत्येक लॉटचे पाच ग्रुप. एक सुंदर ग्रुप आला म्हणून नाचू नका, तो योगायोगानंही येतो. मी पाचांची सरासरी बघते आणि त्याहून जास्त लक्ष सगळ्यात वाईट ग्रुपकडे देते, कारण स्पर्धेत तोही येणारच. पहिला लॉट शेवटी पुन्हा एकदा मारा. आकडे जुळले नाहीत तर व्हाइस कुठेतरी ढिला झालाय, सगळं परत करा.

मोजायला व्हर्निअर कॅलिपर. भोकांच्या पुंजक्याच्या एका बाहेरच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत माप घ्यायचं. पाच मिलिमीटरच्या आसपास आलं तर ती पेलेट जपून ठेवा. सहापर्यंत चालेल. सातच्या वर गेलेला डबा सरावाला द्या, स्पर्धेच्या बॅगेत नको.

एक गोष्ट डोळ्यांनी बघायची सवय लावा. पेलेट उजेडात धरून मागचा पातळ घेर बघा, त्याला आम्ही स्कर्ट म्हणतो. तो गोल हवा. मग ती काचेवर हलकेच लोटा. चांगली पेलेट शांतपणे अर्धवर्तुळ घेत वळते. स्कर्ट चेपलेली असेल तर लंगडत, अडखळत जाते. मी मुलांना हे पहिल्या आठवड्यात करायला लावते, आणि एकदा ते लंगडणं बघितलं की कुणी डबा टेबलावर आपटत नाही. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर शिशावर पांढरी भुकटी धरते. पेलेट तोंडात धरायच्या नाहीत, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही. शिसं आहे ते, मुलांच्या बाबतीत यात मी अजिबात सूट देत नाही.

.22 च्या काडतुसाची रायफल चालवणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त अंतर 50 मीटर आणि खर्च कितीतरी पट. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला 451.4 गुणांवर कांस्य आणलं, ते याच अंतरावर. या प्रकारात खेळाडू रायफल घेऊन काडतूस कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर जातात, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला ईलीकडे किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआकडे, आणि लॉटमागून लॉट मारून आपल्याला हवा तो उचलतात.

लॉट सापडला की त्याच दिवशी दुकानदाराला फोन करा. डब्यात 500 पेलेट असतात. वर्षभराच्या स्पर्धा आणि त्यांच्या आधीचे दोन-दोन आठवडे धरले तर दहा डबे लागतात. रोजच्या सरावाला साधी पेलेट चालते. तोच लॉट नंबर हवा असं ठणकावून सांगा आणि माल आला की स्टिकर बघूनच पैसे द्या. मग ते सगळ्यात चांगलं कार्ड वहीत चिकटवून खाली तारीख, लॉट आणि हेड साइज लिहा. त्या मुलीच्या वहीत आता अशी अकरा कार्डं आहेत. नवा डबा आला की ती मला न विचारता आधी व्हाइसकडे जाते.