एसएटीतील व्याकरणाचे प्रश्न मराठी विद्यार्थ्याने कसे सोडवावेत

अमेरिकेतील महाविद्यालयांत पदवीच्या प्रवेशासाठी विचारात घेतली जाणारी एसएटी ही परीक्षा भारतात मार्च २०२३ पासून आणि खुद्द अमेरिकेत मार्च २०२४ पासून संगणकावर होते. तिच्या वाचन-लेखन विभागातील ५४ प्रश्न प्रत्येकी २७ प्रश्नांच्या दोन भागांत विभागलेले असून प्रत्येक भागाला ३२ मिनिटे मिळतात. या ५४ पैकी ११ ते १५ प्रश्न निव्वळ व्याकरणाचे आणि विरामचिन्हांचे असतात. लहानसा उतारा, त्यात एक रिकामी जागा आणि खाली चार पर्याय, असे त्यांचे स्वरूप असते. नियम थोडे आणि ठरलेले असल्यामुळे नेटाने अभ्यास करणाऱ्याला हे गुण हमखास मिळवता येतात.

व्याकरणाच्या प्रत्येक उताऱ्याखाली विचारणा एकच असते: प्रमाण इंग्रजीच्या नियमांनुसार वाक्य कोणत्या पर्यायाने पूर्ण होईल? ती पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी आधी चारही पर्यायांवर नजर टाकावी आणि त्यांच्यात नेमके काय बदलते आहे ते पाहावे. शब्द तेच राहून केवळ चिन्हे बदलत असतील तर प्रश्न विरामचिन्हांचा आहे, आणि क्रियापदाचे रूप बदलत असेल तर कर्ता किंवा काळ तपासायचा आहे. त्यानंतर रिकामी जागा ज्या वाक्यात आहे ते वाक्य पहिल्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंत वाचावे. पर्याय मनात म्हणून ‘कानाला बरा वाटतो’ तो निवडण्याची सवय मात्र निर्धाराने सोडावी, कारण आपला कान मराठीवर घडलेला आहे आणि तो कुठे फसतो हे परीक्षेआधीच ठाऊक असायला हवे.

एक वाक्य जवळून पाहू. ‘द कलेक्शन ऑफ लेटर्स फाउंड इन द टू ट्रंक्स ___ नाऊ इन द म्युझियम.’ पर्याय आहेत ‘आर’, ‘वेअर’, ‘हॅव बीन’ आणि ‘इज’. रिकाम्या जागेच्या अगदी शेजारी ‘ट्रंक्स’ हे अनेकवचन असल्यामुळे पुष्कळ विद्यार्थी ‘आर’ निवडतात. हेच आपण मराठीत ‘दोन ट्रंकांत सापडलेल्या पत्रांचा संग्रह आता संग्रहालयात आहे’ असे म्हणतो. मराठीत विशेषणे आणि षष्ठीची पदे आधी येतात व मुख्य नाम त्यांच्या शेवटी येते, म्हणून क्रियापदाकडे जाताना जे नाम सर्वांत अलीकडे ऐकलेले असते तेच बहुधा कर्ता ठरते. इंग्रजीत मुख्य नाम सुरुवातीलाच येऊन जाते आणि त्याचा सगळा पसारा मागाहून येतो, त्यामुळे क्रियापदाला लागून असलेले नाम अनेकदा कर्ता नसतेच. यावर उपाय असा की ‘ऑफ’, ‘इन’, ‘फ्रॉम’ यांनी सुरू होणारे तुकडे आणि दोन स्वल्पविरामांमधला मजकूर मनातल्या मनात झाकावा. मग रिकाम्या जागेआधी नाम म्हणून ‘कलेक्शन’ एवढेच उरते. आणखी एक गोष्ट पाहा: चार पर्यायांपैकी तीन अनेकवचनी आणि एकच एकवचनी आहे. अशा वेळी काळाचा विचार न करता वचनावरूनच उत्तर मिळते, आणि अशी मांडणी या परीक्षेत वारंवार आढळते.

दुसरी फसगत स्वल्पविरामाची. ‘पाऊस थांबला, मुले अंगणात आली’ हे मराठी वाक्य कोणीही चुकीचे म्हणणार नाही. इंग्रजीत मात्र दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. तेथे पूर्णविराम किंवा अर्धविराम (;) हवा, किंवा स्वल्पविरामानंतर ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ यांसारखे अव्यय हवे. म्हणून चिन्हाच्या प्रश्नात डावीकडचा आणि उजवीकडचा मजकूर स्वतःच्या बळावर पूर्ण वाक्य होतो का, हे दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे तपासावे. अपूर्णविरामाच्या (:) आधी पूर्ण वाक्य असलेच पाहिजे. नंतर यादी किंवा स्पष्टीकरण आले तरी चालते. वाक्याच्या मध्ये घातलेला जादा मजकूर ज्या चिन्हाने उघडला त्याच चिन्हाने बंद करावा: स्वल्पविरामाने उघडून डॅशने मिटवता येत नाही. दोन पर्यायांत शब्द तेच असून एकात पूर्णविराम आणि दुसऱ्यात अर्धविराम असेल, तर दोन्हींचे काम सारखेच असल्यामुळे दोन्ही एकदम बाद करावेत.

पूर्ण वाक्य ओळखायला शाळेत शिकलेले धातुसाधित येथे फार उपयोगी पडते. ‘जाणारा’, ‘जाऊन’, ‘जाताना’ या रूपांनी मराठी वाक्य पुरे होत नाही, तसेच ‘कलेक्टिंग’, ‘टू कलेक्ट’, ‘हॅविंग कलेक्टेड’ यांनी इंग्रजी वाक्य पुरे होत नाही. पर्यायांत अशी रूपे आणि एखादे खरे क्रियापद दिसले, तर आधी वाक्यात दुसरे मुख्य क्रियापद आहे का ते शोधावे; नसेल तर खरे क्रियापद असलेला पर्यायच बरोबर असतो.

तिसरी फसगत मला सर्वांत अवघड वाटते. ‘वॉकिंग थ्रू द फॉरेस्ट,’ अशी सुरुवात करून पुढचे वाक्य निवडायला सांगतात. मराठीत ‘जंगलातून चालताना संशोधकाला एक दुर्मीळ फूल दिसले’ हे निर्दोष आहे. ‘दिसले’ हे क्रियापद फुलाप्रमाणे चालते, तरी फूल जंगलातून चालत होते असा अर्थ कोणी काढत नाही. इंग्रजीचा नियम कडक आहे: स्वल्पविरामानंतर लगेच चालणाऱ्याचेच नाव आले पाहिजे. येथे ‘द रिसर्चर्स अटेन्शन’ असा पर्याय अनेकदा दिलेला असतो आणि तो घाईत बरोबर वाटतो, पण त्यात कर्ता संशोधक नसून त्याचे लक्ष आहे.

षष्ठी दाखवणाऱ्या वरच्या स्वल्पविरामासाठी (अपॉस्ट्रॉफी) एकच कसोटी पुरे: मालकी आहे का आणि मालक एक की अनेक. ‘इट्स’ला मात्र मालकीच्या अर्थी हे चिन्ह लागत नाही, ‘इट इज’ असे उलगडून पाहिले की शंका मिटते.

सरावासाठी ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवरील पूर्ण चाचण्या वापराव्यात. चुकलेल्या प्रश्नापुढे वहीत केवळ बरोबर पर्याय लिहू नये. कोणता नियम होता आणि कोणत्या शब्दाने आपण फसलो, हे एका ओळीत लिहावे. व्याकरणाचे प्रश्न प्रत्येक भागात वाचनाच्या प्रश्नांनंतर येतात. ज्यांचा वेळ वाचनात संपतो त्यांनी आधी थेट त्यांच्याकडे जावे, ते उरकावेत आणि मग पहिल्या प्रश्नाकडे परतावे, कारण भागाच्या आत मागे-पुढे जाता येते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून ३२ मिनिटे संपण्याआधी एकही जागा कोरी ठेवू नये. पुढचा भाग सुरू झाला की मागे येता येत नाही.