थीम पार्कमध्ये जेवणाचा घोळ होतो तो इथे: कुटुंबासोबत जाताना या चुका टाळा

थीम पार्कला जायचं ठरलं की आपण राइड्सचा अगदी कसून अभ्यास करतो. कुठली राइड आधी, कुठला शो किती वाजता, उंचीची अट कुणाला आडवी येणार, सगळं कागदावर उतरतं. जेवण मात्र ‘तिथे काहीतरी मिळेलच’ एवढ्यावर सोडून देतो. आणि मिळतंही. खायला मिळालं नाही म्हणून दिवस फसल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. अवेळी मिळालं, लांब मिळालं, सगळे थकून गेल्यावर मिळालं, म्हणून फसलेले दिवस मात्र बरेच पाहिलेत.

त्यातला एक आमचाच. दुपारचे पावणेदोन वाजले होते. पाच जणांच्या जेवणाचा ट्रे हातात धरून मी उभी, आणि समोर एकही टेबल रिकामं नाही. धाकटा बाबाच्या खांद्यावर झोपून गेलेला. मोठी सव्वाबारापासून ‘भूक लागली’ म्हणत होती, ती आता म्हणायची बंद झाली होती आणि समोर आलेल्या घासाकडे बघायलाही तयार नव्हती. सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला, कपाळावर घाम. सकाळची मधुमेहाची गोळी आणि नुसता अर्धा कप चहा यांवर ते चार तास चालले होते. त्या दिवशी मला कळलं की इथे काय खायचं हा प्रश्न दुय्यम आहे. कधी आणि कुठे, हे आधी ठरवायला हवं.

भूक लागल्यावर जेवणाच्या मागे लागणं

सर्वांत मोठी चूक हीच. बाकीच्या बऱ्याचशा चुका हिच्याच पोटातून निघतात.

घरी भूक लागल्यापासून ताट समोर येईपर्यंत फार तर पंधरा-वीस मिनिटं जातात. पार्कमध्ये तेवढ्यात नुसतं कुठे जायचं तेच ठरतं. मग तिथवर चालत जायचं, रांग लावायची, ऑर्डर द्यायची, ती यायची वाट बघायची आणि टेबल शोधायचं. पाच-सहा जण असतील तर सहज तासभर जातो. चार वर्षांच्या मुलाला तासभर भूक धरवत नाही, आणि धरायला लावली की पुढचे दोन तास सगळ्यांनाच त्याची किंमत मोजावी लागते.

बारा ते दोन या वेळात जवळपास सगळा पार्क एकदम जेवायला निघतो. आपण अकराच्या सुमारास जेवायचं, नाहीतर त्या वेळी थोडं खाऊन घेऊन मुख्य जेवण अडीचच्या पुढे न्यायचं. बाकीचे जेवत असतात त्या तासात काही राइड्सच्या रांगाही कमी होतात. पार्कमधली मोठी मिरवणूक (परेड) चालू असतानाही खाण्याच्या काउंटरवर बऱ्याचदा शांतता असते. मिरवणूक आधी बघून झाली असेल तर ती वेळ सोडू नका.

वेळ ठरवताना घड्याळ घरातल्या सर्वांत लहान माणसाचं धरा. ते मूल घरी साडेअकराला जेवत असेल तर तिथेही साडेअकरालाच. मोठ्यांना थोडं पुढेमागे करता येतं, त्याला येत नाही. लांबच्या देशात गेला असाल तर पहिले दोन-तीन दिवस पोट घरच्याच वेळेवर चालतं. पहाटे चारला ‘मला खायचंय’ असा आवाज येणार हे धरूनच चाला, आणि खोलीत दूध, केळी, ब्रेड असं काहीतरी ठेवाच.

आणखी एक गोष्ट मी आता अगदी कटाक्षाने पाळते. राइडपाशी पन्नास-साठ मिनिटांची पाटी दिसली की रांगेत शिरण्याआधी मुलांना खायला घालते. ‘एवढी राइड झाली की जेवू’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्या साठ मिनिटांत मागे फिरता येत नाही. मूल रांगेच्या मध्यावर भुकेने रडायला लागलं की तोपर्यंत उभं राहिलेलंही फुकट जातं.

ज्या पार्कमध्ये ॲपवरून ऑर्डर देता येते, तिथे ती सकाळीच देऊन ठेवा. जेवणाची वेळ आपल्याला निवडता येते, आणि गर्दीच्या वेळा भराभर भरतात. बहुतेक ठिकाणी वेळ नंतर बदलताही येते.

नियम न वाचता पिशवी भरणं

बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का, याला सगळीकडे एकच उत्तर नाही. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःचं खाणं नेता येतं, मात्र काचेच्या बाटल्या आणि सुटा बर्फ चालत नाही. काचेतून फक्त बाळाच्या खाण्याच्या बरण्यांना सूट आहे. टोकियो डिस्नेलँडमध्ये बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पण ते बसून खाण्यासाठी प्रवेशद्वाराबाहेर वेगळी जागा आहे. शांघाय डिस्नेलँडमध्येही बंदी होती. २०१९ मध्ये एका कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याविरुद्ध दावा लावला, त्यावर बरीच चर्चा झाली आणि त्याच वर्षी पार्कने नियम शिथिल केला. म्हणजे डिस्नेच्याच नावाच्या तीन पार्कांत तीन तऱ्हा, आणि त्याही बदलत जातात. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मैत्रिणीच्या सांगण्यावर विसंबू नका, निघायच्या आठवड्यात पार्कच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. बाळाचं खाणं आणि पथ्याचे पदार्थ यांना बंदीच्या ठिकाणीही बहुधा सवलत असते, पण तीही नीट विचारून घ्या.

नेता येत असेल तर पदार्थ असे निवडा की ते एका हाताने, चालता चालता, चमच्याशिवाय खाता येतील. वितळणारं, सांडणारं, चुरा होणारं टाळा. माझ्या पिशवीत आता सुका मेवा, बिस्किटं, न सोलता खाता येणारी फळं आणि साधं सँडविच एवढंच असतं. द्राक्षं नेत असाल तर लहान मुलांसाठी ती उभी चिरून न्या. अख्खं द्राक्ष पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं, आणि धक्के खात चालणाऱ्या बाबागाडीत तर धोका वाढतो.

नाशवंत पदार्थांचं गणित सोपं आहे. मांस, अंडी, दूध, शिजवलेला भात असं काहीही थंडाव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. सकाळी आठला भरलेलं अंड्याचं सँडविच दुपारी एकला वासाला चांगलं लागलं, तरी ते द्यायचं नाही. यावर आमचा उपाय म्हणजे पाण्याची बाटली पाऊण भरून रात्रभर गोठवायची (काठोकाठ भरली तर फुगून फुटते) आणि सकाळी तिलाच सँडविच टेकवून पिशवी बंद करायची. दुपारपर्यंत खाणंही गार राहतं आणि प्यायला गार पाणीही मिळतं. हॉटेलच्या खोलीतला छोटा फ्रिज बऱ्याचदा गोठवत नाही. तेव्हा पोहोचल्याच दिवशी हॉटेलवाल्यांना विचारा, त्यांच्या फ्रीझरमध्ये बाटल्या ठेवू देतात का. पार्कच्या दारातही गोठलेली बाटली चालते का ते आधी बघून ठेवा.

बाबागाडी राइडबाहेर उभी करताना खालच्या जाळीत खाणं ठेवू नका. पक्षी आणि खारी शिकून सवरून बसलेल्या असतात, बंद पाकीटसुद्धा फाडतात.

सकाळी काहीच नाही, नाहीतर फार

दार उघडायच्या आधी पोहोचायचं म्हणून नाश्ता टाळला जातो. हॉटेलचा नाश्ता आधीच पैशांत धरलेला असेल तर त्याच्या उलट, दुपारचं जेवण वाचेल म्हणून सगळे आडवातिडवा हात मारतात. दोन्हीचा त्रास पहिल्याच फिरत्या राइडवर दिसतो. डोळे एक सांगतात, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दुसरंच सांगतो, त्यातून मळमळतं, आणि रिकामं पोट किंवा तुडुंब भरलेलं पोट ती मळमळ वाढवतं. निघण्याआधी थोडं आणि साधं खा. तेलकट नको, फार दूध नको. जोराच्या राइड्स जेवणानंतर लगेच घेऊ नका. त्या तासाला बसून बघायचा शो ठेवा.

पाण्याचा विचार शेवटी करणं

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं तेव्हा कडक ऊन होतं आणि पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते. प्लंबरांच्या संपामुळे स्वच्छतागृहं आणि नळ ही दोन्ही कामं वेळेत होईनात, म्हणून स्वच्छतागृहं आधी पुरी केली. लोकांचे फार हाल झाले, त्यात खाणंही संपलं. आज कुठल्याही चांगल्या पार्कात पाणी भरायची सोय असते, तरी आपण स्वतःचे तसेच हाल करून घेतो, कारण बाटली नेत नाही आणि तहान लागली की गोड पेय घेतो. त्याने तहान तेवढ्यापुरती भागते आणि मुलांचं जेवण मात्र मोडतं.

प्रत्येकाची वेगळी बाटली, नावासकट. एकच मोठी बाटली असली की ती नेमकी रांगेबाहेर थांबलेल्या माणसाकडे राहते. डिस्ने वर्ल्डसारख्या ठिकाणी काउंटरवर मागितल्यावर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. इतरत्रही विचारायला लाजू नका. मुलं स्वच्छतागृहाच्या कंटाळ्याने पाणी टाळतात, म्हणून प्रत्येक राइडनंतर चार घोट हा नियमच करून टाका. लघवी गडद पिवळी झाली की समजा, पाणी कमी पडतंय.

रोज बसून जेवायचा हट्ट

एक दिवस निवांत, टेबलाशी बसून जेवण जरूर ठेवा. मुलांची आवडती पात्रं भेटायला येतात असं जेवण असेल तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. पण रोज नको, त्यात दीड तास जातो. अशा जागांचं आरक्षणही फार आधी सुरू होतं, डिस्ने वर्ल्डमध्ये ६० दिवस आधी. आरक्षण करताना त्या दिवशी तुम्ही पार्कच्या कुठल्या भागात असाल ते बघा. दुसऱ्या टोकाचं टेबल मिळालं तर जेवणासाठी अर्धा पार्क तुडवावा लागतो.

दुपारी हॉटेलवर येऊन जेवू, हा बेतही जाण्यायेण्याचा खरा वेळ मोजूनच करा. डिस्ने वर्ल्डचा आवार सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. तिथे एका बाजूला पाऊण तास लागणं नवं नाही. मुलं दुपारी झोपणार असतील तर तो वेळ सत्कारणी लागतो, नुसत्या जेवणासाठी मात्र परवडत नाही.

ज्याचं पथ्य आहे त्याला गृहीत धरणं

सासऱ्यांच्या त्या घामाची मला अजून भीती वाटते, म्हणून हे जरा सविस्तर. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर उतरते. त्यात दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणं झालं तर आणखीच. सहलीआधी डॉक्टरांना विचारा की एवढं चालणं होणार असेल तर औषधाची मात्रा आणि वेळ काय ठेवायची. साखर उतरल्यावर लगेच चढवणारं काहीतरी त्यांच्या स्वतःच्या खिशात हवं, दुसऱ्याच्या पिशवीत नको. अर्धा कप फळांचा रस किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, लगेच पार्कच्या प्रथमोपचार केंद्राला बोलवायचं. इन्सुलिन उन्हात तापू द्यायचं नाही आणि गोठलेल्या बाटलीला चिकटवूनही ठेवायचं नाही, गोठलं की ते कामाचं राहत नाही.

ॲलर्जी असेल तर काउंटरवरच्या मुलाशी बोलून थांबू नका, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्याला बोलवा. पदार्थात काय घातलंय एवढंच विचारून भागत नाही, तो कुठल्या तेलात तळला तेही विचारा. शाकाहारी मंडळींनाही हेच लागू. बटाट्याच्या तळलेल्या कापांत मांस नसतं, पण कढई तीच असू शकते.

तरी गडबड झालीच तर

मूल भुकेने बिथरलं असेल तर आधी सावलीत बसवा, पाणी द्या, मग एखादं बिस्किट किंवा फळाची फोड. ‘काय खाणार?’ हा प्रश्न तेव्हा विचारू नका, निवड करायची ताकद त्याच्यात उरलेली नसते. दहा मिनिटांनी पोटभरीचं द्या.

मूल राइडनंतर उलटी करत असेल तर पोट थोडं शांत होऊ द्या, मग पाण्याचे किंवा ओआरएसचे लहान लहान घोट. त्या दिवशी फिरत्या राइड्स बंद. उलट्या थांबतच नसतील तर प्रथमोपचार केंद्र गाठा.

टेबल मिळत नसेल तर सगळ्यांनी ट्रे घेऊन फिरू नका. एकाने ऑर्डरला उभं राहायचं, बाकीच्यांनी आधी जागा धरायची. पार्कच्या मधल्या भागातली ठिकाणं भरलेली असली तरी आत, कडेला असलेल्या काउंटरवर जागा सापडते. नकाशावर ती सकाळीच हेरून ठेवा.

रात्रीची आतषबाजी संपते तेव्हा बहुतेक स्वयंपाकघरं बंद व्हायला लागलेली असतात, आणि हॉटेलवर पोहोचेपर्यंत तिथलंही बंद होतं. म्हणून जेवण आतषबाजीच्या आधीच उरका. खोलीवर आल्यावर मुलं अर्धवट झोपेत पुन्हा खायला मागतातच, त्यासाठी दूध आणि ब्रेड फ्रिजमध्ये असू द्या. आमच्याकडे त्यानंतर एकच काम उरतं. पाच बाटल्या पाऊण भरून हॉटेलच्या फ्रीझरमध्ये द्यायच्या आणि उद्याच्या खाऊची पिशवी दाराच्या कडीला अडकवायची.